टूथपेस्टने उजळलेले हेडलाइट दोन महिन्यांत पुन्हा पिवळे का पडतात?

प्रश्न असा आहे: गाडी अकरा वर्षांची. हेडलाइटच्या काचा आधी पिवळट आणि मग दुधी झाल्या. टूथपेस्टने घासल्या तेव्हा चकाचक निघाल्या, पण दोन महिन्यांत होत्या त्याहून वाईट दिसायला लागल्या. मग बाजारातलं किट आणलं, त्याने चार-पाच महिने काढले. आता तिसऱ्यांदा घासायच्या आधी तुम्ही विचारताय की जास्त दिवस टिकणारं पॉलिश कोणतं, की सरळ नवे दिवे बसवून मोकळं व्हावं.

गाड्यांच्या रंगकामात माझी वीसेक वर्षं गेली. हेडलाइट किती घासले त्याचा हिशोब ठेवलेला नाही, पण जे बिघडवले ते नीट लक्षात आहेत. खाली जे सांगतोय त्यातलं बरंचसं त्या बिघडलेल्या दिव्यांनीच शिकवलंय.

आधी हे सांगतो की घासण्यात तुमचं काही चुकलं नाही. दोन्ही वेळा काच स्वच्छ निघाली, म्हणजे तेवढं काम बरोबर झालं. राहिलं ते त्याच्या पुढचं. पॉलिशने काचेवर काही चढत नाही, उलट उतरतं. त्यामुळे टिकणारं पॉलिश शोधत बसलात तर दर चार महिन्यांनी हाच उद्योग करावा लागेल. शोधायचा आहे तो पॉलिशनंतर वर चढवायचा थर.

आपण सवयीने काच म्हणतो, पण ते पॉलिकार्बोनेट नावाचं प्लास्टिक आहे. १९५३ साली जर्मनीत बायर कंपनीतल्या हर्मान श्नेल यांनी आणि अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या डॅनियल फॉक्स यांनी, एकमेकांना पत्ता नसताना, जवळजवळ एकाच वेळी ते तयार केलं. हेडलाइटमध्ये यायला त्याला आणखी तीस वर्षं लागली. अमेरिकेत १९४० पासून ठरावीक मापाचे, काचेचे, सीलबंद दिवेच लावावे लागत. तो नियम १९८३ मध्ये सैल झाला आणि १९८४ च्या लिंकन कॉन्टिनेंटल मार्क सेव्हनला गाडीच्या तोंडवळ्याप्रमाणे घडवलेले दिवे मिळाले. प्लास्टिक काचेच्या निम्म्या वजनाचं, दगड लागला तरी फुटत नाही, हवा तो आकार घेतं. त्याच्या खोडी दोनच. एक, ते मऊ आहे, चटकन ओरखडतं. दुसरी, उन्हातले अतिनील किरण त्याला सोसत नाहीत.

म्हणूनच कारखान्यात त्याच्यावर एक कडक, पारदर्शक लॅकर चढवलेलं असतं. जाडी जेमतेम दहा मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे केसाच्या जाडीचा सातवा-आठवा हिस्सा. ओरखडे अडवणं आणि अतिनील किरण शोषून घेणं ही दोन्ही कामं तेवढ्याशा थराची. वर्षानुवर्षं ऊन खाऊन त्यातलं शोषण्याचं द्रव्य संपत जातं, वाळू-खडे वरून ठोकत राहतात, बारीक चिरा पडतात, त्यातून ओल शिरते आणि थर पापुद्र्यासारखा सुटायला लागतो. मग खालचं उघडं प्लास्टिक उन्हाच्या तावडीत सापडतं. पिवळेपणा म्हणजे त्या प्लास्टिकच्या वरच्या पातळ भागात झालेला रासायनिक बदल. दुधी धूसरपणा वेगळा, तो बारीक खड्ड्यांमुळे आणि चिरांमुळे प्रकाश विखुरल्याने दिसतो. बहुतेक जुन्या दिव्यांवर दोन्ही एकत्रच नांदत असतात.

आता टूथपेस्ट. तिच्यात दात घासण्यासाठी सिलिका किंवा खडूची बारीक पूड असते. ती प्लास्टिकचा पिवळा भाग खरवडून काढते, आणि त्याबरोबर कारखान्याच्या लॅकरचं जे काही उरलंसुरलं असेल तेही. काच चमकते, पण उघडी पडते. पहिल्यांदा पिवळी पडायला आठ-दहा वर्षं लागली, कारण डोक्यावर छत्री होती. दुसऱ्यांदा छत्री नव्हती. तुमच्या किटमध्ये शेवटी पुसून लावायच्या संरक्षक थराचं एखादं पाकीट असणार, म्हणून त्याने चार महिने निभावलं.

एवढं कळलं तरी लगेच घासायचा पेपर घेऊन बसू नका. धूसरपणा बाहेर आहे की आत, हे आधी बघायचं. काच धुवून कोरडी करा आणि बघून ठेवा. मग तिच्यावर पाणी ओता आणि ओली असतानाच पुन्हा बघा. ओली झाल्यावर काच एकदम निवळली, तर सगळा बिघाड बाहेरच्या बाजूला आणि उथळ आहे. पाणी खड्डे भरून काढतं, प्रकाश विखुरणं थांबतं, आणि घासून कोट दिल्यावर साधारण काय दिसेल त्याची झलक तुम्हाला फुकटात मिळते. ओली झाल्यावर दुधीपणा गेला पण पिवळेपणा राहिला, तर जरा खोल घासावं लागेल. पाण्याने काहीच फरक पडला नाही तर मात्र बिघाड आत आहे आणि बाहेरून जन्मभर घासलं तरी उपयोग नाही.

आतली धूसरता अनेक कारणांनी येते. दिव्याचा हवा खेळवणारा छोटा नळकांडा बुजला किंवा सील उघडलं की आत ओल धरते. बल्ब जास्त वॅटचा असेल तर आतलं प्लास्टिक तापून धूर सोडतं आणि तो काचेच्या आतून बसतो. याच्याशी खेळताना मी एकदा हात भाजून घेतलेत. नवशिका असताना एका दिव्याच्या बल्बच्या भोकातून काठीला फडकं गुंडाळून आत घातलं, आतून पुसायला. काच थोडी निवळली, आणि जोशात रिफ्लेक्टरवरूनही फडकं फिरवलं. फडक्यावर चंदेरी डाग आला. रिफ्लेक्टरची चमक म्हणजे प्लास्टिकवर वाफेने बसवलेला ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर असतो, नुसत्या फडक्याने निघून येतो. तो दिवा नवा द्यावा लागला, माझ्या खिशातून. तेव्हापासून रिफ्लेक्टर मळलेला दिसला तरी मी त्याला बोट लावत नाही.

तिसरी शक्यता चिरांच्या जाळ्याची. टॉर्च तिरका धरला की काचेत कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा चमकतात. त्या फक्त लॅकरमध्ये असतील तर घासून जातात. प्लास्टिकमध्येच उतरल्या असतील तर जात नाहीत. हे आधी खात्रीने सांगता येत नाही. कोपऱ्यात रुपयाएवढा भाग घासून बघायचा, रेघा कमी झाल्या तर पुढे जायचं.

इथेच एक ताकीद. पॉलिकार्बोनेट दगडाला भीत नाही, पण द्रावकाला भितं. थिनर, ॲसिटोन, पेट्रोल यांचं फडकं त्याच्यावर फिरवू नका. जास्त झालेलं क्लिअर, म्हणजे रंगावर मारायचं पारदर्शक लॅकर, पुसायला माझ्या हाताखालच्या पोराने एकदा थिनर वापरलं. पुसताना काच सुंदर दिसत होती, आणि चहा पिऊन येईपर्यंत तिच्यात भेगांचं जाळं उमटलं होतं. डासांच्या मलमाने काच चमकते असं सांगणारे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. त्या मलमातलं डीट हे द्रव्य प्लास्टिकचा वरचा भाग अक्षरशः मऊ करून सारवून टाकतं, म्हणून ती चमक. पुढे काय होतं ते व्हिडिओत नसतं. उकळत्या द्रावकाची वाफ देऊन काच उजळवायचे कपही मिळतात. त्यात क्लोरीनयुक्त द्रावक असतं, वाफ शरीराला घातक, आणि उघड्या प्लास्टिकवर संरक्षक थर काही बसत नाहीच. तेल किंवा गंज सोडवणारा स्प्रे मारला की काच चमकते ती पाण्याने निवळते तशीच, पहिल्या पावसापर्यंत. पुसायचं असेल तर साबणाचं पाणी आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल, एवढंच पुरतं.

आता घासणं. गाडी धुवून घ्या, दिव्याभोवतीच्या रंगावर मास्किंग टेपचे निदान दोन थर लावा. एक थर ओल्या पेपरने कधी फाटतो ते कळत नाही आणि बोनेटच्या कडेचा रंग जातो. रंगाची कडा ही सगळ्यात पातळ जागा असते. जमत असेल तर दिवा काढूनच घ्या. चार-पाच बोल्ट आणि एक-दोन क्लिपा, कधीकधी पुढचा बंपर सैल करावा लागतो. काढून केलेलं काम कडांना जास्त चांगलं होतं.

वॉटर पेपर कोणत्या नंबरपासून सुरू करायचा हे काचेच्या अवस्थेवर आहे. लॅकर पापुद्र्याने सुटत असेल तर ४०० किंवा ६००. नुसती पिवळट, गुळगुळीत असेल तर ८०० किंवा १०००. मग १५००, २०००, आणि पॉलिश करायची असेल तर ३०००. नंबर वाचताना मागे "पी" लिहिलंय का ते बघा. पी१००० पेपरचे कण सरासरी १८ मायक्रॉनचे असतात आणि पी२००० चे १० मायक्रॉनचे. अमेरिकन पद्धतीच्या, पी नसलेल्या ६०० नंबरच्या पेपरचे कण १६ मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे तो पी१२०० च्या जवळ जातो. दोन्ही जातींचे पेपर मिसळले की मधली एक पायरी गळते आणि शेवटी काही ओरखडे कुठून आले तेच समजत नाही. एका वेळी एकाच जातीचे पेपर घ्या.

पाणी सढळ हाताने वापरा, त्यात शाम्पूचे दोन थेंब. पेपर बोटांनी धरू नका, मऊ फोमच्या ठोकळ्याला गुंडाळा, नाहीतर बोटांच्या खुणा राहतात. दाब कमी, फेऱ्या जास्त. पहिल्या पेपरला खाली येणाऱ्या पाण्याकडे लक्ष ठेवा. सुरुवातीला ते पिवळट-मळकट येतं, मग हळूहळू पांढरं होतं. पिवळं संपलं म्हणजे जळलेलं प्लास्टिक निघालं. पण पाणी पांढरं झालं म्हणून थांबू नका. काच कोरडी करून बघा. काही ठिकाणी चमकदार बेटं दिसतील, नकाशात दिसावीत तशी. ती जुन्या लॅकरची उरलेली बेटं आहेत. ती तशीच ठेवून पुढे गेलात तर नवा कोट दिल्यावर त्यांच्या कडा रेघेसारख्या दिसतात आणि पुढे नवा थर तिथूनच सुटायला लागतो. बहुतेक बेटं वरच्या कडेला आणि कोपऱ्यांत असतात, जिथे हात पोचायला त्रास होतो. सगळी काच एकसारखी फिकट दुधी झाली पाहिजे. या टप्प्यावर गाडीमालक बघायला आला तर त्याचा चेहरा पडतो, कारण दिवा आधीपेक्षा भयानक दिसतो. घाबरायचं नाही.

पुढच्या प्रत्येक पेपरला दिशा बदला. एक आडवा, एक उभा. नव्या दिशेचे ओरखडे जुन्यांवरून गेले की नाही ते लगेच दिसतं. पेपर बदलला की पाणीही बदला आणि काच धुवा. आठशेचा एक कण दोन हजाराच्या टप्प्यात अडकला तर तो एक खोल चरा पाडतो आणि तुम्हाला दोन पायऱ्या मागे यावं लागतं. कंटाळवाणं काम आहे, त्यात काही लपवण्यासारखं नाही. दोन दिव्यांना मला अजूनही दोन-अडीच तास लागतात, पहिल्यांदा करणाऱ्याने अर्धा दिवस धरावा. काच दोन-तीन मिलिमीटर जाड असते आणि या सगळ्यात मायक्रॉनच्या हिशोबातच प्लास्टिक जातं, त्यामुळे घासून ती पातळ होईल ही भीती नको.

ड्रिलला पॅड लावून हे लवकर उरकता येईल असं वाटतं. पॉलिशच्या टप्प्यात मशीन चालतं, पण वेग कमी ठेवा आणि एका जागी थांबू नका. पॉलिकार्बोनेट साधारण १५० अंशांच्या अलीकडे मऊ होतं, आणि फिरतं पॅड एका जागी दाबलं तर वरचा भाग तिथवर तापायला फार वेळ लागत नाही. मग काच सारवल्यासारखी होते. मधूनमधून हाताची मागची बाजू लावून बघा. कोमट चालेल, चटका बसता कामा नये.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं तो भाग. घासून झालेली काच उघडी आहे, तिला काय पांघरायचं?

मेण किंवा साधं सीलंट काही आठवडे टिकतं. दर महिन्याला लावायची शिस्त असेल तर ठीक, पण तशी शिस्त मी फार थोड्यांत पाहिली. किटमधली पुसून लावायची पाकिटं त्याहून बरी. गाडी सावलीत उभी राहत असेल तर वर्षभर निघू शकतं, उन्हात असेल तर त्याच्या निम्मंही नाही. सिरॅमिक कोटिंगबद्दल बरेच जण विचारतात. पाणी छान घरंगळतं, धूळ कमी चिकटते, पण थर अतिशय पातळ असतो. जाडी नसेल तर अतिनील किरण शोषणारं द्रव्य मावणार कुठे? दुसऱ्या एखाद्या कोटिंगवरचा जादा थर म्हणून सिरॅमिक चालेल, एकट्यावर भिस्त ठेवू नका. अतिनील दिव्याखाली किंवा उन्हात पक्की होणारी कोटिंगं यांच्यापेक्षा पुष्कळ चांगली असतात. ती लावताना मात्र एका झटक्यात, पुन्हा मागे न येता लावावी लागतात, नाहीतर पुसल्याचे पट्टे कायमचे राहतात.

माझा स्वतःचा भरवसा दोन गोष्टींवर. पहिली म्हणजे गाडीच्या रंगावर मारतात तेच टू-के, म्हणजे दोन घटकांचं क्लिअर, हार्डनर (ते पक्कं करणारं द्रव्य) मिसळून. त्यात अतिनील शोषणारी द्रव्यं असतात, थर कारखान्याच्या लॅकरपेक्षा कितीतरी जाड बसतो, आणि नीट मारलेलं असेल तर वर्षांच्या हिशोबात टिकतं. मी केलेले काही दिवे तीन-चार वर्षांनी परत पाहिलेत, स्वच्छ होते. काही दीड वर्षात कडेने सुटलेलेही पाहिलेत. सुटलेल्या प्रत्येकात कारण एकच निघालं: कडेला जुनं लॅकर राहिलं होतं किंवा मेणाचा अंश होता.

क्लिअर मारायचं असेल तर काच पॉलिश करायची नाही. हे ऐकून लोक चमकतात. आरशासारख्या गुळगुळीत पृष्ठभागावर क्लिअरला पकड मिळत नाही. १००० ते १५०० च्या पेपरवर थांबायचं, काच धूसर दिसत असतानाच अल्कोहोलने पुसायची, त्यानंतर बोट लावायचं नाही, आणि क्लिअर मारायचं. ते बारीक ओरखड्यांत भरतं आणि काच तुमच्या डोळ्यांदेखत निवळते, पाण्याच्या चाचणीत निवळली होती तशीच. इतक्या वर्षांनंतरही तो क्षण बघायला मला आवडतो. पहिला हात अगदी हलका, धुक्यासारखा, कारण क्लिअरमधलं द्रावकही या प्लास्टिकला चावू शकतं. दहा-पंधरा मिनिटं थांबून मग दुसरा भरीव हात. हार्डनर नसलेला साध्या डब्यातला क्लिअर स्प्रे वापरू नका, तो लवकर पिवळा पडतो आणि सोलून निघतो.

पण टू-के घरी मारू नका असंच मी सांगेन, आणि हे धंदा मिळावा म्हणून सांगत नाही. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याची फवारणी श्वासात गेली तर दमा जडू शकतो, आणि एकदा शरीराने धसका घेतला की पुढे किंचितशा वासानेही त्रास होतो. साध्या कापडी किंवा धुळीच्या मास्कचा त्याच्यापुढे काही इलाज चालत नाही. आम्ही फवारणीच्या बंदिस्त बूथमध्ये, बाहेरून हवा पुरवणारा मास्क घालून मारतो. त्यामुळे कामाची वाटणी करा. दिवे काढून घरी निवांत घासा, ते कष्टाचं पण निर्धोक काम आहे. मग ते घेऊन एखाद्या पेंटरकडे जा, आणि ज्या दिवशी तो दुसऱ्या कुठल्या गाडीला क्लिअर मारणार असेल त्या दिवशी दोन हात तुमच्या दिव्यांवर मारून घ्या. त्याच्यासाठी ते पाच मिनिटांचं काम असतं. जाताना बल्बची भोकं आणि मागचे नळकांडे टेपने बंद करायला विसरू नका, क्लिअरचे तुषार आत गेले तर रिफ्लेक्टरवर बसतील.

दुसरी भरवशाची गोष्ट म्हणजे पारदर्शक संरक्षक फिल्म, गाडीच्या रंगावर लावतात ती. इथे उलटं, काच ३००० पर्यंत घासून पॉलिशने पूर्ण चमकवावी लागते, कारण फिल्म ओरखडे भरत नाही, जसेच्या तसे दाखवते. फायदा हा की खडे फिल्मवर बसतात, आणि फिल्म पिवळी पडली की सोलून नवी लावता येते, पुन्हा घासावं लागत नाही. खूप वळणदार दिव्यांवर ती नीट ताणून बसवणं अवघड जातं. सपाटसर दिवे असतील तर मी हल्ली क्लिअरपेक्षा हीच सुचवतो.

मग नवे दिवे कधी? आतली धूसरता, प्लास्टिकमध्ये उतरलेल्या भेगा, जळका रिफ्लेक्टर, दिवा गाडीला धरून ठेवणाऱ्या तुटलेल्या खुंट्या, यांतलं काही असेल तर घासण्यात वेळ घालवू नका. अमेरिकेतल्या एएए या वाहनचालकांच्या संघटनेने २०१८ मध्ये जुने, पिवळे पडलेले दिवे प्रयोगशाळेत तपासले होते. लो बीमवर त्यांचा प्रकाश नव्या दिव्याच्या जेमतेम पाचव्या हिश्श्याइतका भरला. घासून उजळवल्यावर तो साधारण ७० टक्क्यांपर्यंत आला. इतर उत्पादकांचे नवे दिवे ८३ ते ९० टक्क्यांवर होते, आणि मूळ कंपनीचे अर्थातच १००. म्हणजे घासलेला दिवा नव्याची बरोबरी करत नाही, हे मान्य करूनच घासावा. पण २० वरून ७० ही उडी ७० वरून ९० पेक्षा किती मोठी आहे तेही बघा. त्याच तपासणीत असंही दिसलं की इतर उत्पादकांचे दिवे प्रकाशाची तीव्रता आणि रोख यांत जास्त वेळा कमी पडतात. स्वस्तातल्या दिव्यांवरचं लॅकर यथातथाच असतं हा माझा अनुभव, काही दोन पावसाळ्यांत पिवळे झालेले पाहिलेत. तसे दिवे घ्यायचे झाले तर नवे असतानाच त्यांना फिल्म लावून घ्या.

आणखी एक. धूसर काचेत प्रकाश नुसता कमी होत नाही, तो भलतीकडे जातो. लो बीमची वरची कडा, जी समोरच्याच्या डोळ्यांखाली राहायला हवी, ती फुटते आणि प्रकाश वर सांडतो. तुम्हाला रस्ता दिसत नाही, समोरच्याला तुमचे दिवे टोचतात. अशा वेळी लोक जास्त वॅटचा बल्ब किंवा झगझगीत एलईडी टाकतात. धूसर काचेत जास्त प्रकाश घातला की सांडतोही जास्तच, आणि उष्णतेने रिफ्लेक्टर जातो तो वेगळाच.

काच स्वच्छ करूनही उजेड कमी वाटला तर वायरिंग बघा. हॅलोजन बल्बला मिळणारं व्होल्टेज १० टक्क्यांनी घसरलं तर प्रकाश जवळपास ३० टक्क्यांनी घसरतो. अकरा वर्षांच्या गाडीत अर्थिंगच्या वायरचं गंजलेलं टोक आणि बल्बचा काळवंडलेला होल्डर नवलाचा नाही. इंजिन चालू, दिवे चालू ठेवून बॅटरीवर आणि बल्बच्या टोकांवर मीटर लावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर इलेक्ट्रिशियनला दाखवा. दिवे काढले असतील तर परत बसवल्यावर त्यांचा रोखही तपासायला हवा. किती उतार ठेवायचा ते बऱ्याच गाड्यांत दिव्याच्या मागे किंवा बोनेटखालच्या पट्टीवर टक्क्यांत छापलेलं असतं. १ टक्का म्हणजे १० मीटरवरच्या भिंतीवर बीमची कडा दिव्याच्या उंचीपेक्षा १० सेंटिमीटर खाली.

एक दिवा दुसऱ्यापेक्षा जास्त पिवळा असेल तर गाडी रोज कुठे तोंड करून उभी असते ते आठवून बघा. जो दिवा दुपारचं ऊन खातो तो आधी जातो. जागा बदलता येत नसेल तर निदान गाडी उलटी लावता येते.

तुमच्या जागी मी असतो तर आज फक्त पाण्याची चाचणी केली असती. काच ओली होऊन निवळली, तर येत्या सुट्टीच्या दिवशी आधी एकच दिवा काढून घासायला घेतला असता, जास्त पिवळा असलेला. तो १००० वर आणून, बेटं नाहीत याची टॉर्चने खात्री करून, कोरडा, कापडात गुंडाळून पेंटरकडे. परत आला की दुसऱ्या दिव्याच्या शेजारी बसवून रात्री भिंतीवर दोघांचा उजेड बघा. दुसरा दिवा घासायचा की नवा आणायचा, ते त्या भिंतीवरच दिसेल.